वाइनचे १७८ नमुने आणि फझी सी-मीन्स: ‘एम’ किती ठेवायचा?

या टप्प्यात इटलीतल्या पीडमाँटच्या वाइनचा प्रसिद्ध डेटा घेतला आहे. त्यात वाइनचे तीन प्रकार आहेत: बारोलोचे ५९, ग्रिन्योलिनोचे ७१, बार्बेराचे ४८ नमुने आणि प्रत्येकाची १३ रासायनिक मोजमापं. आकडे प्रमाणित करून साधं के-मीन्स (प्रत्येक नमुना सर्वांत जवळच्या केंद्राच्या एकाच गटात टाकणारी पद्धत) तीन गटांसाठी चालवलं तर बारोलो आणि बार्बेराचा एकही नमुना चुकत नाही. चुकतात ते ६ ग्रिन्योलिनो: ३ बारोलोच्या गटात जातात, ३ बार्बेराच्या. पण या सहांवर शिक्का इतरांइतकाच ठाम बसतो. फझी संच हवेत ते इथे! के-मीन्सचंच फझी रूप म्हणजे फझी सी-मीन्स. प्रत्येक गटातली मेंबरशिप ० ते १ मध्ये मिळते, त्यामुळे काठावरचा नमुना काठावरचाच दिसतो.

स्केलिंग टाळू नका. प्रोलीन (एक अमिनो आम्ल) २७८ ते १६८०, तर ह्यू (रंगछटा) ०.४८ ते १.७१. कच्च्या आकड्यांवर पहिला मुख्य घटकच (मोजमापं एकत्र करून काढलेली, सर्वाधिक फरक दाखवणारी दिशा) ९९.८ टक्के विचरण (आकड्यांतला एकूण चढउतार) खातो. म्हणजे १३ मोजमापं घेऊन आपण फक्त प्रोलीनवर गट पाडतो. प्रत्येक स्तंभातून सरासरी वजा करा आणि प्रमाण विचलनाने भागा.

पायथनमधल्या साय-किट-फझी या लायब्ररीला डेटा आडवा लागतो: ओळींत मोजमापं, स्तंभांत नमुने. उलटा दिला तरी एरर येत नाही, मुकाट्याने १३ मोजमापांचेच गट पडतात. मेंबरशिपचा तक्ता ३ × १७८ आहे ना, हे आधी बघा. सुरुवात यादृच्छिक असल्याने गटांचे क्रमांकही दर वेळी बदलतात. प्रोलीन सर्वांत जास्त असलेलं केंद्र बारोलोचं, फ्लॅव्होनॉइड्स सर्वांत कमी असलेलं बार्बेराचं, असं ओळखा.

आता खरा प्रश्न ‘एम’चा, म्हणजे गट किती धूसर ठेवायचे हे ठरवणाऱ्या आकड्याचा: तो १ च्या जितका जवळ, तितके गट ठाम. केंद्रांपासूनची अंतरं १, २, ४ असतील तर एम = २ ला मेंबरशिप ०.७६, ०.१९, ०.०५ येते; एम = १.५ ला ०.९४, ०.०६ आणि जवळपास शून्य. १३ मितींत मात्र तिन्ही अंतरं एकमेकांच्या बरीच जवळ असतात, म्हणून नेहमीच्या एम = २ ला मेंबरशिपा ०.३३ कडे घसरतात. दोनच मुख्य घटक ठेवणं हा एक उपाय, पण त्यांत जेमतेम ५५ टक्के विचरण उरतं. त्यापेक्षा सगळी मोजमापं ठेवून एम १.३ ते १.५ दरम्यान आणणं आम्हाला जास्त पटतं. फक्त विभाजन गुणांक (मेंबरशिपा किती ठाम आहेत हे सांगणारा आकडा) बघून एम ठरवू नका. एम कमी केला की हा गुणांक वाढणारच, त्यात गट चांगले पडल्याचा पुरावा नसतो.

वरच्या दोन मेंबरशिपांतला फरक ०.२ पेक्षा कमी असेल तो नमुना ‘काठावरचा’ धरायचा. इथे एक सापळा आहे. मेंबरशिपांची बेरीज १ असलीच पाहिजे, त्यामुळे तिन्ही केंद्रांपासून सारख्याच पण प्रचंड अंतरावर असलेल्या बिघडलेल्या मोजमापालाही ०.३३ प्रत्येकी मिळतात. तो मिश्र स्वभावाचा नमुना नव्हे. म्हणून मेंबरशिपशेजारी सर्वांत जवळच्या केंद्रापासूनचं अंतरही छापा. पुढच्या टप्प्यात अशा नमुन्यांसाठी चौथा, ‘नॉइज’ गट जोडायचा आहे.