आधी रांग, मग जिटर बफर: घरच्या व्हीओआयपी सेटअपची प्रगती

इंटरनेटवरून केलेल्या (व्हीओआयपी) कॉलमध्ये आवाज तुटायला लागला की बहुतेक जण आधी जिटर बफर वाढवतात. हा बफर म्हणजे मागेपुढे येणारी पॅकेट क्षणभर थांबवून सारख्या अंतराने सोडणारा साठा. तुटणं थांबतं, पण दोघं एकमेकांच्या बोलण्यावर बोलायला लागतात. म्हणून या टप्प्यात आधी राउटर हाती घेतला.

सामान: ओपनडब्ल्यूआरटी (राउटरची मुक्त प्रणाली) टाकलेला जुना राउटर, रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर ॲस्टरिस्क (कॉल जोडणारं सॉफ्टवेअर), दोन सॉफ्टफोन (फोनचं काम करणारी ॲप). अपलोड सेकंदाला ४ मेगाबिट.

जी.७११ या आवाजाच्या कोडेकच्या २० मिलिसेकंदांच्या पॅकेटमध्ये आवाज १६० बाइट, हेडर (पत्ता वगैरे माहिती) ४० बाइट. सेकंदाला अशी ५० पॅकेट, म्हणजे जेमतेम ८० किलोबिट. तरीही एखादी मोठी फाइल अपलोडला लावली की कॉल कोलमडतो. मोडेमची २५६ केबीची रांग भरली, तर ४ मेगाबिटने ती उपसायला अर्धा सेकंद लागतो, आणि आवाजाचं पॅकेट तिच्या शेपटाशी उभं असतं. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या जी.११४ शिफारशीनुसार एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत हवा. अपलोड चालू असताना पिंग लावून बघा, रांग लगेच दिसते.

उपाय एसक्यूएम, म्हणजे राउटरमधली रांग आवरणारी सोय. इंटरफेस वॅनचा (इंटरनेटकडचा), पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डने जोडणी) असेल तर त्याचाच निवडायचा. रांगेची शिस्त 'केक', अपलोड ३५०० किलोबिट. हा आकडा लाइनच्या खऱ्या वेगापेक्षा कमीच हवा, नाहीतर रांग मोडेममध्येच साचते आणि केक रिकामा बसतो. ओव्हरहेड, म्हणजे लाइनवर प्रत्येक पॅकेटला चिकटणारा जादा भार, ४४ बाइट धरला. १५०० बाइटच्या पॅकेटवर तो ३ टक्के, पण आवाजाच्या २०० बाइटवर २२ टक्के, त्यामुळे कमी धरला तर हिशेब चुकतो. हार्डवेअर फ्लो ऑफलोडिंग (सीपीयूला वगळून पॅकेट पुढे धाडणं) बंद करा, कारण त्यातून गेलेली पॅकेट केकला दिसतच नाहीत. जुन्या राउटरचा सीपीयू डाउनलोडला धापा टाकत असेल, तर डाउनलोडच्या रकान्यात ० घाला. त्या दिशेचं शेपिंग (वेगावरचा लगाम) बंद होतं. ईएफ मार्किंगची, म्हणजे आवाजाच्या पॅकेटवर प्राधान्याची खूण करण्याची खटपट घरात फारशी लागत नाही. केक प्रत्येक प्रवाह वेगळा ठेवतो आणि बारीक प्रवाहाला आपसूक पुढे काढतो.

आता बफर. आरटीपी (आवाजाची पॅकेट वाहणारा प्रोटोकॉल) देतो तो 'जिटर' आकडा, म्हणजे पॅकेटच्या वेळेतला चढउतार, बघून बफर ठरवू नका. प्रत्येक नव्या फरकाचा त्यात सोळावा हिस्साच मिसळतो, त्यामुळे उसळ्या दबतात. वायरशार्क या पॅकेट तपासणाऱ्या प्रोग्रामच्या आरटीपी विश्लेषणात 'मॅक्स डेल्टा', म्हणजे लागोपाठच्या दोन पॅकेटमधलं सर्वांत मोठं अंतर, बघा. तो ५५ मिलिसेकंद असेल तर नेहमीचं २० चं अंतर वजा करून किमान ३५ मिलिसेकंदांची सोय लागते. ॲस्टरिस्कचा ॲडॅप्टिव्ह (गरजेनुसार बदलणारा) बफर मुळात ४० मिलिसेकंद जादा धरतो. दोन्ही टोकांच्या सॉफ्टफोनांत बफर असतोच, मग मधे आणखी एक म्हणजे फुकटचा विलंब. म्हणून ॲस्टरिस्कचा बंद केला. कॉन्फरन्स किंवा रेकॉर्डिंगसाठी मात्र ठेवावा.

डेल्टात अधूनमधून १०० मिलिसेकंदांच्या आसपास उसळी दिसली तर संशय वायफायच्या पॉवर सेव्हवर घ्या. बीकनचं (ॲक्सेस पॉइंट ठरावीक वेळाने सोडतो त्या इशाऱ्याचं) अंतर सहसा १०२.४ मिलिसेकंद असतं आणि झोपलेल्या रेडिओची पॅकेट तोवर ॲक्सेस पॉइंटवर अडकतात. रास्पबेरी पायवर पॉवर सेव्ह बंद करा. केबल लावली तर उत्तमच.

व्हिडिओचं काम अर्धवट आहे. ओठ आणि आवाज जुळवायला ब्राउझर आवाजही थांबवून धरतो, म्हणून व्हिडिओ रेंगाळला की बोलणंही मागे पडतं. क्रोमच्या वेबआरटीसी (ब्राउझरमधल्या कॉलचं तंत्र) आकडेवारीतला बफर विलंब ही सुरुवातीपासूनची बेरीज असते. दोन वेळच्या नोंदींमधला फरक घेऊन, तेवढ्या काळात बाहेर पडलेल्या नमुन्यांच्या किंवा फ्रेमच्या संख्येने भागायचं.

पुढची चाचणी ओपस या दुसऱ्या कोडेकच्या १० मिलिसेकंदांच्या फ्रेमची. त्यात नुसत्या हेडरचा खर्च १६ वरून ३२ किलोबिटवर जाईल.