कुंभार्ली चढून आलेली जिप्सी

“मिस्त्री, काटा पंचावन्नच्या वर गेला आणि पुलाचा जोड लागला की स्टेअरिंग हातात राहत नाही. पार तीसवर आणेपर्यंत गाडी थरथरते.” चिपळूणकडचा तरुण बागायतदार सकाळीच कराडला गॅरेजवर आला होता. गाडी 2005 ची मारुतीची जिप्सी किंग, एमपीएफआय म्हणजे इंजेक्शनच्या पेट्रोल इंजिनाची, कापडी टपाची. दोन महिन्यांपूर्वी किनाऱ्याकडच्या एका हौशी माणसाकडून घेतलेली. अलाइनमेंट तीनदा झालं होतं, व्हील बॅलन्सिंग दोनदा, आणि कुणीतरी आहे त्या स्टेअरिंग डँपरच्या, म्हणजे स्टेअरिंगचे धक्के शोषणाऱ्या दांड्याच्या जोडीला दुसरा डँपरही बसवून दिला होता.

दोन डँपर दिसले तेव्हाच मी पाना हातात घेतला नाही, वही घेतली. दुसऱ्याने बदल करून वापरलेली गाडी आली की आधी काय काय बदललंय ते कागदावर उतरवायचं. कारण अशा गाडीत कंपनीचं पुस्तक अर्धंच उपयोगी पडतं. उरलेलं अर्धं पुस्तक कुणीतरी वेल्डिंगने लिहिलेलं असतं आणि ते गाडीखाली आडवं पडूनच वाचावं लागतं.

वहीत उतरलं ते असं. पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, एक्सलच्या खालून काढून वर घेतलेले. जिप्सीत कंपनीकडून पाटा एक्सलच्या खाली असतो. तो वर नेला की गाडी एका फटक्यात पाच इंचांच्या आसपास उचलते, म्हणून हा बदल स्वस्त आणि लोकप्रिय. टायर 31 इंची, खडबडीत नक्षीचे. मागच्या उजव्या टायरवर तारखेचे चार आकडे 1413, म्हणजे 2013 सालचा चौदावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक, पण गाळ्यांच्या तळाशी बारीक चिरा. हवा चारही चाकांत 38. एक टनाच्या आतबाहेरच्या गाडीला एवढ्या मोठ्या टायरात एवढी हवा म्हणजे टायर मधल्या पट्टीवरच चालतो आणि प्रत्येक धक्का सरळ स्टेअरिंगला देतो. मी आधी 24 वर आणली.

मीटरचाही हिशोब केला. कंपनीच्या 205/70 आर 15 टायरचा व्यास साधारण सव्वासव्वीस इंच. त्या जागी 31 इंच आले, की काटा 55 दाखवतो तेव्हा गाडी प्रत्यक्षात 65 च्या जवळ धावत असते. ब्रेक मात्र कंपनीचेच होते. मालकाला हे कुणी सांगितलेलं नव्हतं.

मग दोन्ही डँपर सोडले. डँपर हे दुखण्यावरचं औषध नाही, ते दुखणं झाकतं. डँपर लावून ठेवला तर ढिला जोड हाताला सापडतच नाही. गाडी जमिनीवर, चाकांवर वजन, इंजिन बंद. कामावरच्या पोराला आत बसवलं आणि स्टेअरिंग थोडंथोडं डावी-उजवीकडे हलवायला सांगितलं. मी खाली आडवा पडून एकेका जोडावर तळहात ठेवत गेलो. स्टेअरिंग बॉक्स, तिथून चाकाकडे जाणाऱ्या ड्रॅगलिंकची दोन टोकं, दोन्ही चाकं जोडणाऱ्या टायरॉडची दोन टोकं. लूज जोड डोळ्याला दिसायच्या आधी तळहाताला टकटक कळतो. टायरॉडचा डावा एंड ढिला होता. तो दोषी होता, पण एवढी मोठी थरथर एकट्या त्याची नव्हे.

हात फिरवताना ड्रॅगलिंकवर थांबलो. पाटे वर गेले की एक्सल चेसिसपासून खाली जातो, आणि स्टेअरिंग बॉक्सकडून चाकाकडे येणारी ड्रॅगलिंक जवळजवळ आडवी असायची ती तिरकी होते. शिवाय पाट्याला घासते. यावर उपाय दोन. एक, नकलवर, म्हणजे चाकासोबत वळणाऱ्या सांध्यावर, वरच्या बाजूने नवा आर्म बसवून ड्रॅगलिंक पुन्हा आडवी करायची. दुसरा, आहे तीच दांडी तापवून झेड आकारात वाकवायची. या गाडीत दुसरा केला होता, आणि वाकवताना लांबी कमी पडली म्हणून मध्ये तुकडा घालून वेल्ड मारला होता. वर काळा रंग. वेल्डच्या कडेला, वाकाच्या आतल्या बाजूला, रंगात केसाएवढी तांबूस रेघ होती.

रंगाची भेग आणि लोखंडाची भेग वेगळी असते. खात्री करायला आमच्याकडे एक जुनी रीत आहे. वायर ब्रशने रंग काढला. फडकं रॉकेलमध्ये बुडवून तो भाग चिंब भिजवला आणि पंधरा मिनिटं तसाच ठेवला. मग कोरड्या फडक्याने अगदी कोरडा पुसला आणि पांढरा खडू किसून त्याची पूड वर चोळली. भेग नसेल तर पांढरं पांढरंच राहतं. भेगेत शिरलेलं रॉकेल खडू ओढून घेतो. दोन मिनिटांत पांढऱ्यावर ओलसर काळपट रेघ उमटली, वेल्डच्या कडेकडेने दांडीच्या निम्म्याहून जास्त घेरापर्यंत. पोराला स्टेअरिंग हलवायला सांगितलं तशी रेघ ओली होऊ लागली. भेग उघडमीट करत होती.

मालकाला खाली बोलावून दाखवलं. तो सकाळी याच दांडीवर कुंभार्ली घाट चढून आला होता. ड्रॅगलिंक तुटली की स्टेअरिंग फिरतं, चाकं नाहीत. चाकांना सांगणारं दुसरं काहीच गाडीत नसतं. तो बराच वेळ त्या रेघेकडे बघत बसला, मग म्हणाला, “काका, गाडी इथेच ठेवा.” तोवर मी मिस्त्री होतो.

पण भेग हा परिणाम होता. दांडीला दिवसरात्र झटके देणारं कारण पुढे होतं. पुढचा एक्सल जॅकवर घेतला, घोड्या लावल्या आणि चाक वर-खाली धरून हलवलं. डाव्या चाकात ठक्क आवाज. इथे बरेच जण लगेच व्हील बेअरिंग बदलतात. त्याआधी पोराला ब्रेक दाबायला सांगायचं. ब्रेक दाबल्यावर ढिलेपणा गेला तर व्हील बेअरिंग, राहिला तर किंगपिन, म्हणजे नकल ज्यावर वळते ती खीळ. इथे राहिला.

टायरॉड सोडला, चाक-डिस्क काढली, नकलची सीलं मोकळी केली आणि नकलच्या आर्मला स्प्रिंगचा वजनकाटा अडकवून ओढून बघितलं. सील नसताना नकल हलायला लागताना काट्याने एक ते पावणेदोन किलोच्या दरम्यान दाखवायला हवं. उजवीकडे किलोला थोडं कमी. डावीकडे काट्याची गरजच नव्हती, नकल बोटाने झुलत होती. हेच थरथरीचं मूळ. किंगपिनची बेअरिंगं दाबात असली की नकल स्वतःहून हेलकावे घेत नाही. दाब गेला की पुलाचा एक जोड पुरतो. मग डावं चाक उजव्याला ढकलतं, उजवं डाव्याला, आणि जड टायर तो झोका वाढवत नेतो.

नकल उघडली तर आत ग्रीस नव्हतं, करड्या रंगाची पातळ पेज होती. एक्सलचं आतलं ऑइल सील गेलेलं, त्यामुळे डिफरन्शियलचं ऑइल नकलमध्ये उतरून ग्रीस विरघळलेलं, आणि त्यात पाणी. खालच्या बेअरिंगच्या रेसवर, म्हणजे कड्यावर, रोलरच्या ओळीत आडवे खळगे पडले होते. नखाला लागत होते. पाणी आलं कुठून, हेही बघितलं. एक्सलच्या हवेची नळी कंपनीची, खालीच. गाडी नदीत घालायची हौस असेल तर ही नळी आधी वर न्यावी लागते. चालून तापलेला एक्सल गार पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि जिथे वाट मिळेल तिथून पाणी ओढते. आधीच्या मालकाने गाडी उंच केली, इंजिनला वरून हवा देणारं स्नॉर्केल लावलं, पण ही तीसचाळीस रुपयांची नळी राहिली. स्नॉर्केलही तपासलं. इंजिन चालू ठेवून त्याचं तोंड तळहाताने गच्च बंद केलं. सांधे हवाबंद असतील तर इंजिन बंद पडायला हवं. हे सुखात चालू राहिलं.

कॅस्टर, म्हणजे किंगपिन मागे झुकल्याचा कोन, मोजला तर जेमतेम एक अंश निघाला. मूळ गाडीत तो साडेतीनच्या जवळपास असतो. पाट्याच्या नव्या बैठका वेल्ड करताना कोन धरलाच नव्हता. पाटा आणि बैठकीमध्ये लोखंडी पाचर घालून कॅस्टर वाढवता येतो, पण पुढच्या एक्सलमध्ये त्याची किंमत मोजावी लागते. किंगपिनचं वरचं टोक मागे झुकवलं की डिफरन्शियलच्या पिनियनचं तोंड खाली जातं आणि त्याला ताकद पोचवणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसचा कोन आणखी बिघडतो. दोन अंशांपलीकडे पाचर मी घालत नाही.

शाफ्टची गोष्ट मागच्या बाजूला जास्त वाईट होती. बॉडी उचलून एक्सल पूर्ण लोंबकळू दिला आणि शाफ्टचा सरकता सांधा, स्लिप जॉइंट, किती आत उरतो ते मोजलं. जेमतेम सव्वा इंच. दोन इंचांच्या खाली मी गाडी रस्त्यावर सोडत नाही. मोठ्या खड्ड्यात एक चाक लटकलं की शाफ्ट निसटून खाली आपटतो. ब्रेकचे होजही त्या अवस्थेत तारेसारखे ताणलेले.

चेसिस मात्र चांगली निघाली. किनाऱ्यावरची गाडी म्हणून पाट्याचं टोक धरणाऱ्या मागच्या शॅकलच्या जागी आणि आडव्या पट्ट्यांवर हातोडीने टोकत गेलो. खणखणीत आवाज. पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसच्या तीन रबरांपैकी दोन फाटलेली, म्हणून गाडी जागेवरून निघताना लिव्हर झटका देत होतं.

संध्याकाळी मालकाला चहाबरोबर हिशोब दिला. पाटे वरच ठेवायचे तर नवा स्टेअरिंग आर्म, नव्या बैठका, दोन शाफ्ट लांब करणं, होज, असं सगळं एकदम करावं लागेल. यातलं निम्मं करून थांबता येत नाही. त्यावर आरसी बुकात यातलं काहीच नाही. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल चालत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये तेच पुन्हा स्पष्ट केलं. अपघात झाला तर विम्याचा वाद अंगावर. त्याला विचारलं, बागेत जाताना नेमकं कुठे अडतं? म्हणाला, एक ओढा आणि चिखलाचा चढ. चढाला उंची लागत नाही, पकड लागते.

सुदैवाने खालच्या मूळ बैठका कुणी कापल्या नव्हत्या. पाटे परत खाली घेतले. वरच्या बैठका ग्राइंडरने हळूहळू काढल्या, एक्सलच्या नळीला खाच पडू न देता. जिप्सी 2019 मध्ये बंद झाली, तरी सुटे भाग मिळतात. नवी ड्रॅगलिंक, टायरॉडचे एंड, किंगपिनची चारही बेअरिंगं, आतली-बाहेरची सीलं, ट्रान्सफर केसची तीन रबरं. किंगपिनचा दाब शिमने, म्हणजे पातळ पत्र्याच्या चकतीने, बसवला. शिम काढली की दाब वाढतो, घातली की कमी होतो. दोन्ही बाजू सव्वा किलोवर आणून ठेवल्या. डिफरन्शियलना जीएल-5 दर्जाचं ऑइल, गिअरबॉक्सला मात्र जीएल-4, कारण जीएल-5 गिअर जुळवणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगांना सोसत नाही. दोन्ही एक्सलच्या हवेच्या नळ्या वर नेऊन बांधल्या. स्नॉर्केलचे सांधे सील केले. यू-बोल्ट सगळे नवे, ताणलेला जुना परत वापरायचा नाही. शॅकलचे बोल्ट गाडी चाकांवर उतरवल्यावरच शेवटचे आवळले, नाहीतर रबरी बुश पिळलेल्या अवस्थेत अडकतो आणि महिन्यात फाटतो. टायर 215/75 आर 15, हवा 26.

पाचव्या दिवशी हायवेवर पुलाच्या त्याच जोडावरून डँपरशिवाय 80 ने नेली. स्टेअरिंग एकदा हललं आणि जागेवर आलं. मग कंपनीचा एकच डँपर लावला.

पाचशे किलोमीटरनंतर तो यू-बोल्ट आवळायला आला. सोळा नटांपैकी अकरा हलले नाहीत, पाच पाव फेरा फिरले. नकलच्या सीलपाशी फडकं फिरवलं, कोरडं निघालं.