उतार ३ यायला हवा होता, येत होता १

टंगस्टनच्या सपाट पृष्ठभागावर लेझरचा पल्स पडला की किती इलेक्ट्रॉन सुटतात, एवढंच काढायचं होतं, तेही फक्त संगणकावर. श्रोडिंगरचं समीकरण (इलेक्ट्रॉनची लाट काळाबरोबर कशी बदलते ते सांगणारं) एका मितीत सोडवणारा कोड चार दिवसांत उभा राहिला. मग तीन आठवडे एका आकड्याने छळलं.

८०० नॅनोमीटरच्या फोटॉनची ऊर्जा १.५५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, टंगस्टनचं वर्क फंक्शन, म्हणजे इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणारी किमान ऊर्जा, सुमारे ४.५. म्हणजे तीन फोटॉन लागणार. लेझरची तीव्रता दुप्पट केली की उत्सर्जन आठपट, म्हणजे दोघांच्या लॉग-लॉग आलेखाचा (दोन्ही अक्षांवर लॉगरिदम) उतार ३. माझा येत होता १.

मी खापर फोडलं ग्रिडच्या, म्हणजे कोड ज्या बिंदूंवर गणित करतो त्या जाळीच्या, टोकावर. इलेक्ट्रॉनची लाट तिथे आपटून परत येत असणार! टोकाशी लाट शोषणारा पट्टा दुप्पट रुंद केला, टाइम स्टेप (गणितातलं काळाचं पाऊल) निम्मी केली, रात्रभर रन लावला. सकाळी १.०२. तीव्रता बरीच वाढवली की उतार जरा चढायचा, त्यामुळे गोंधळ आणखीच.

मॅडमनी विचारलं, “लेझर बंद ठेवून चालवलंयस का कधी?” नव्हतं. चालवलं, तर उत्सर्जन शून्य. म्हणजे सुरुवातीची स्थिती ठीक होती. (ही चाचणी पहिल्याच दिवशी करा, माझ्यासारखी विसाव्या नको.)

मग वैतागून लेझरच्या विद्युत क्षेत्राचाच आलेख काढून पाहिला, पहिल्यांदाच. आलेखाच्या डाव्या टोकाला सरळ उभी रेघ! वेळ वाचवायला मी गाउसियन (घंटेच्या आकाराचा) पल्स शिखरापासून दोन सिग्मावर (सिग्मा म्हणजे त्याच्या रुंदीचं माप) कापला होता, आणि तिथे क्षेत्र शून्यावरून एकदम शिखराच्या १३ टक्क्यांवर उडी मारत होतं. अशा धारदार कडेत सगळ्याच वारंवारता असतात, ४.५ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या वरच्याही. तसला एकच फोटॉन पुरतो, आणि ते उत्सर्जन तीव्रतेच्या समप्रमाणात. बिचारा कोड पहिल्यापासून बरोबर उत्तर देत होता. मीच भलता प्रश्न विचारला होता.

पल्सला साइन-वर्गाचं आवरण लावलं, म्हणजे तो दोन्ही टोकांना हळूहळू शून्यावर येतो. उतार २.९७. खोलीत एकटाच होतो, तरी ओरडलो.

हो, एक राहिलं: क्षेत्र थेट लिहू नका. आधी सदिश विभव (ज्याच्या काळानुसार बदलातून क्षेत्र मिळतं ती राशी) लिहा आणि त्याचं विकलन करा, नाहीतर छोट्या पल्सच्या शेवटी इलेक्ट्रॉनला फुकटचा धक्का मिळतो. आणि चौरस सेंटिमीटरला १० लाख कोटी वॅटच्या आसपास उतार ३ वरून ढळला, तर कोड लगेच उसकटू नका. तिथे केल्डिश गुणक २ च्या जवळ येतो; हा गुणक मोठा असेपर्यंतच फोटॉन मोजण्याचं साधं गणित नीट चालतं. ते खरं भौतिकशास्त्र असू शकतं. मी त्यातही दोन दिवस घालवले.