डावा पाय

त्या गाण्यात बास ड्रमचे, म्हणजे पायानं वाजवायच्या मोठ्या ड्रमचे, साधारण १६०० ठोके आहेत. त्यातले ड्रमरचे किती आणि माझे किती, हे मी कधी मोजलं नाही. मोजता येतील, फायली सगळ्या आहेत. धीर होत नाही.

माझा पुण्यात तळघरातला स्टुडिओ आहे. पोट भरतं ते ऑडिओबुकांवर, क्लासेसच्या जाहिरातींवर आणि निवडणुका आल्या की उमेदवारांच्या गाण्यांवर. मेटलवाले, म्हणजे हेवी मेटलचे बँड, वर्षातून दोन-तीन येतात, पैसे हप्त्याहप्त्यानं देतात, आणि तरी मी त्यांचीच वाट बघत असतो. २००७ साली बेंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर आयर्न मेडन हा बँड ऐकायला मी उद्यान एक्स्प्रेसच्या जनरल डब्यातून गेलो होतो. तो ताप अजून उतरलेला नाही.

लोकांना वाटतं, बँडचं गाणं म्हणजे पाचजण एका खोलीत जमतात, कुणी एक रिफ, म्हणजे फिरून फिरून येणारी गिटारची ओळ, छेडतो, दुसरा त्यात भर घालतो. ते गाणं ज्या बँडचं, त्यात असं काही होत नाही. गाणी एकटा मोठा गिटारवाला लिहितो. दिवसा हिंजवडीत नोकरी, रात्री अकरानंतर गिटार प्रो हे सॉफ्टवेअर. संगणकावरच रिफ, त्यावर बास, त्यावर ड्रम, आणि मग बाकीच्या चौघांना ती फाईल. तालीम तासावर पैसे मोजून मिळते, त्यामुळे तिथे गाणं रचत बसणं परवडत नाही. आधी घरी पाठ करून यायचं. अडचण एवढीच, की गिटार प्रोमधला ड्रमर दमत नाही. त्याला २०० सांगा, तो २०० वाजवतो. रात्रभर.

२०० म्हणजे मिनिटाला २०० मात्रा आणि एका मात्रेत पायांचे चार ठोके. उजवा-डावा-उजवा-डावा. दोन ठोक्यांमधलं अंतर ७५ मिलिसेकंद. हे मिळून दोन मिनिटं चालतं, वर हातांचं काम वेगळंच.

ड्रमर इचलकरंजीचा. गल्लीत यंत्रमाग. हे कळलं की सगळे खूश होतात, मागाच्या खडखडाटातून त्याला लय सापडली वगैरे. एकदा एका पोरानं मुलाखतीत त्याला तेच विचारलं तर म्हणाला, मागाच्या आवाजानं झोप चांगली लागायची. पायाला १८० चा वेग सहज, १९० ला घाम, आणि २०० ला नशीब. हे बँडमध्ये सगळ्यांना माहीत होतं. बोलून कुणी दाखवलं नव्हतं.

जुलैमध्ये ते ड्रम करायला आले. दोन दिवसांत चार गाणी. पहिल्या दिवसाचे पाच तास नुसते किट लावण्यात गेले, आणि त्या पाच तासांचं मला आजही कौतुक आहे. पावसाळ्यात तळघरात हवा जड होते, म्हणून डीह्युमिडिफायर आदल्या रात्रीपासून चालू. सगळी कातडी नवी. प्रत्येक टॉमच्या प्रत्येक बोल्टशी टिचकी मारून स्वर जुळवला. अकरा माइक. स्नेअरला, म्हणजे मधल्या खणखणीत ड्रमला, वरून एक, खालून एक, आणि खालच्याची फेज, म्हणजे आवाजाच्या लाटेची दिशा, उलटी, नाहीतर दोघं एकमेकांना खातात. वर टांगलेले ओव्हरहेड माइक स्नेअरपासून सारख्या अंतरावर, दोरीनं मोजून. हे काम करताना मला कुणी चहा विचारलेलाही चालत नाही.

मग कळलं, की गिटारवाल्यानं गिटारी घरीच रेकॉर्ड करून आणल्या आहेत. अंतिम. २०० च्या क्लिकवर, म्हणजे कानात वाजणाऱ्या मात्रांच्या टिकटिकीवर. म्हणजे पायाच्या आधी स्लॅब. हल्ली सर्रास असं करतात, स्टुडिओचे पैसे वाचतात म्हणे. वर त्याच्या सोसायटीच्या अर्थिंगची गुणगुण सगळीकडे भरलेली. आपली वीज ५० हर्ट्झची आणि याची सगळ्यात जाड तार उतरवून उतरवून ५५ हर्ट्झवर आणलेली. गुणगुण कापायला गेलो की तारेचा लचका निघतो. त्यावर मी घातलेले तास कुणी मागितले नाहीत, कुणी दिलेही नाहीत.

शेवटचं गाणं दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला सुरू झालं. नऊ टेक झाले. हात अप्रतिम होते, हे आधी सांगायला हवं. फिल्स, सिंबल, स्नेअरवरचे हलके ठोके, सगळं जागच्या जागी. पण पहिल्या मिनिटानंतर डावा पाय पंधरा-वीस मिलिसेकंद मागे राहायला लागला. कागदावर हे काहीच नाही, पण अंतरच ७५ चं असताना त्यातले २० गेले की ठोके लंगडतात. पाचव्या टेकनंतर त्यानं बूट काढले. आठव्यानंतर नडगी चोळत खाली बसला.

मी म्हणालो, १८८ वर करू या. त्यानं ७५ चे ८० मिलिसेकंद होतात. पाच मिलिसेकंद, बस्स. ड्रमर काही बोलला नाही. गिटारवाला बोलला. "दादा, गिटारी परत नाही वाजवणार मी. ग्रिडवर टाका ना." ग्रिडवर म्हणजे प्रत्येक ठोका संगणकावर ओढून नेमक्या जागी बसवायचा. मग त्यानं ऐकवलं, मेशुगा या स्वीडिश मेटल बँडनं २००५ च्या अल्बमवर ड्रम चक्क प्रोग्राम केले होते. खरं आहे. पण त्यांनी ते लपवलं नव्हतं, आणि तेच लोक २०१६ च्या अल्बमला एकत्र बसून लाइव्ह वाजवायला परतले. हे मी त्याला सांगितलं. त्यानं घड्याळ बघितलं. घड्याळाचे पैसे तोच भरत होता.

रात्री मी एकटा बसलो. ड्रम सरकवणं म्हणजे एक ठोका उचलून दुसरीकडे ठेवणं नव्हे. बास ड्रमचा आवाज अकराही माइकमध्ये थोडाथोडा शिरलेला असतो. एकच सरकवलात तर एका ठोक्याचे दोन होतात. म्हणून अकराही ट्रॅक एकत्र कापायचे, एकत्र सरकवायचे, आणि प्रत्येक सांधा अशा जागी बुजवायचा की सिंबलची झंकार मध्येच तुटू नये. दीड वाजेपर्यंत मी हे इमानदारीनं केलं. त्याचाच ठोका, दहा-बारा मिलिसेकंद इकडे किंवा तिकडे. याला मी लबाडी म्हणत नाही. फोटोग्राफर कपाळावरचा घाम पुसतो, तसं हे.

शेवटच्या चाळीस सेकंदांत मात्र सरकवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. काही ठोके पडलेलेच नव्हते. सकाळी आवाजांची चाचणी घेताना मी त्याच्या बास ड्रमचे सुटे ठोके टिपून ठेवले होते, हलके, मध्यम, जोरात, प्रत्येकी आठ-दहा. सवय आहे माझी. ते घेऊन मी चाळीस सेकंदांचे पाय माउसनं लिहिले. ओव्हरहेडमधला खालचा भाग फिल्टरनं उडवला, म्हणजे खऱ्या पायाचा मागमूस राहायला नको. जोर किंचित कमी-जास्त ठेवला, डावा उजव्यापेक्षा केसभर हलका, म्हणजे माणूस वाटेल. चार वाजता ऐकलं. इतकं झकास झालं होतं, की मी एकटाच हसलो.

आठवड्यानं सगळे ऐकायला आले. गाणं संपलं. ड्रमर दोन मिनिटं स्पीकरकडेच बघत होता. मग म्हणाला, "लई भारी वाजवलंय की मी."

चेष्टेनं म्हणाला की खरंच, मला तेव्हा कळलं नाही. गिटारवाला माझ्याकडे बघत नव्हता. मी म्हटलं, "हो ना!"

अल्बम आला. लोकांनी नेमक्या पायांचंच कौतुक केलं. पोरं त्याला विचारायची, पेडलची स्प्रिंग किती घट्ट ठेवतोस, टाचेनं वाजवतोस की घोट्यानं. तो इमानानं उत्तरं द्यायचा. आणि घोट्याला वजनं बांधून रोज तीन-तीन तास सराव करायचा. नडगीचं दुखणं तेव्हापासूनचं.

मग तीन शहरांचा दौरा निघाला, पुणे, मुंबई, बेंगळुरू. साउंडला मी. दौरा म्हणजे टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये आठ माणसं, आणि अँप मांडीवर. ड्रमचा सांगाडा जागेवरचा मिळतो. स्नेअर, सिंबल आणि पेडल ड्रमर आपले घेऊन फिरतो. पुण्यात आणि मुंबईत त्या गाण्याला पाय सुटले. लोकांना पत्ता लागला नाही, कारण अर्धे लोक फोन धरून उभे असतात, आणि बास ड्रमला ट्रिगर लावलेला असतो. ट्रिगर म्हणजे पाय कितीही हलका पडला तरी आवाज तितकाच दणकट येतो. पण ठोका उशिरा पडला तर तोही उशिराच वाजतो. मुंबईत तर बासच्या अँपच्या हादऱ्यानं ट्रिगर स्वतःहूनच उडत होता, ते बरंच झालं म्हणायचं. पैसे मात्र आयोजकानं अजून अर्धेच दिलेत.

बेंगळुरूला पहाटे निघालो. सातारा मागे पडल्यावर ड्रमर माझ्या शेजारी येऊन बसला.

"दादा, मूळचं हाय का तुमच्याकडं? कच्चं?"

लॅपटॉपवर होतं. नाही म्हणता आलं असतं. मी हेडफोन दिला. नऊ टेक, साधारण बेचाळीस मिनिटं. त्यानं एकही पुढे ढकलला नाही. कराड गेलं. मी खिडकीतून ऊस बघत होतो, आणि मला त्याच्या मांडीवरची बोटं दिसत होती. उजवं-डावं-उजवं-डावं. ऐकून झाल्यावरही हेडफोन त्यानं कानावरच ठेवला.

कागलला चहाला थांबलो. त्याचा भाऊ इचलकरंजीहून मोटारसायकलवर डबा घेऊन आला होता, आठजणांना पुरेल एवढ्या भाकरी. हात धुताना ड्रमर मला म्हणाला, "सातवा टेक चांगला हुता की. डावा दमलाय, पण उजव्याशी भांडत न्हाई."

"हो, सातवा बरा होता."

"अल्बमवर शेवटाला माझं काय हाय मग?"

"हात सगळे तुझेच आहेत."

"आणि पाय?"

मी नळ बंद केला. त्यानं पुढे विचारलं नाही. रुमालानं हात पुसत म्हणाला, "आज एकशे अठ्ठ्याऐंशी लावा क्लिक. त्याला सांगू नका."

आता ही गोष्ट वाटते तेवढी सोपी नाही. क्लिक नुसता ड्रमरच्या कानातला नसतो. लॅपटॉपच्या एका चॅनलवर क्लिक, दुसऱ्यावर लोकांना ऐकू जाणारे कोरस आणि कीबोर्ड. दोन्ही एकत्र ताणावे लागतात. ताणलं की खालचे स्वर खरखरतात. आणि चार मिनिटं चाळीस सेकंदांचं गाणं जवळपास अठरा सेकंदांनी लांबतं. हे गिटारवाल्याच्या लक्षात येणार, गाणं त्यानं लिहिलंय. शिवाय तो माझ्या पुढच्याच सीटवर मानेला उशी लावून झोपला होता.

हुबळीच्या पुढे मी ते ताणलं. खरखर झाकायला थोडा रीव्हर्ब, म्हणजे घुमारा, टाकला. एकदा गिटारवाल्यासाठी ड्रमरशी खोटं वागलो होतो, आता ड्रमरसाठी गिटारवाल्याशी. पहिल्या वेळी निदान एकटा होतो. या वेळी माझ्या समोर त्याच्या घोरण्याचा आवाज येत होता.

पबमध्ये साउंड-चेकला वीस मिनिटं मिळाली. तिथल्या सिस्टिमवर आदल्या रात्रीच्या डीजेची सेटिंग्ज तशीच होती, खालचा आवाज आकाशाला भिडलेला. जागेवरच्या बास ड्रममध्ये कुणीतरी अख्खी रजई कोंबली होती, ती उपसून मी टॉवेल घातला. गायकाला नेहमीप्रमाणे सांगितलं, माइकचं तोंड मुठीत धरू नको, शिटी वाजते. त्यानं नेहमीप्रमाणे धरलं. मालकानं बजावलं, पावणेदहाला बंद. मुंबईचं रंगभवन, मैफलींचं खुलं नाट्यगृह, शांतता क्षेत्रामुळे गेलं तेव्हापासून आमच्या धंद्यात प्रत्येक जण घड्याळाच्याच बाजूनं बोलतो.

ते गाणं शेवटचं होतं. मी मिक्सरपाशी उभा होतो, आणि माझ्या तळव्यांना घाम होता. सुरुवातीला गिटारवाल्यानं एकदा मागे वळून बघितलं. दुसऱ्या गिटारवाल्यानंही बघितलं. मग दोघं मुकाट त्या वेगात बसले, क्लिक कानात असल्यावर दुसरं करणार काय! पहिलं मिनिट गेलं. मी डाव्या पायाची वाट बघत होतो. तो मागे राहिला नाही. शेवटची चाळीस सेकंदं आली तेव्हा मी ट्रिगरचा फेडर हळूच खाली घेतला आणि बास ड्रममधला साधा माइक वर केला. आवाज कमी गुळगुळीत झाला. डावा उजव्यापेक्षा हलका पडत होता, मी माउसनं ठेवला होता तसा केसभर नाही, चांगला बोटभर. पण वेळेवर पडत होता. पुढच्या रांगेतल्या दोन पोरांनी फोन खिशात घातले. एवढंच मी बघितलं. त्याचा अर्थ काय तो मी लावत नाही, कदाचित बॅटरी संपली असेल.

सामान आवरताना गिटारवाला आला. मी केबल गुंडाळत होतो. तो ड्रमरला म्हणाला, "आज जरा पळवलंस का रे? अल्बमपेक्षा फास्ट वाटलं."

ड्रमरनं बारमधला बर्फ फडक्यात बांधून नडगीवर धरला होता. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी केबल नीट गुंडाळलेली होती ती परत सोडली आणि परत गुंडाळली.

या गोष्टीला आता तीन महिने झाले. गेल्या आठवड्यात गिटारवाल्यानं पुढच्या अल्बमच्या पहिल्या गाण्याची फाईल पाठवली. २१० आहे. खाली लिहिलंय, दादा, ड्रमचं काय ते तुम्ही बघालच. त्याच रात्री ड्रमरचा मेसेज आला, "नवीन गाण्याचा क्लिक पाठवा. त्याचा नको, तुमचा."

मी अजून पाठवलेला नाही.