खाटा टेम्पोत, आदेश फोनवर

मार्च 2020चा शेवटचा आठवडा. मी तालुका आरोग्य अधिकारी होते. एका खासगी वसतिगृहाच्या फाटकाबाहेर टेम्पो उभा, टेम्पोत वीस खाटा आणि फाटकाला आतून कुलूप. मालक गप्प होते. बोलत होता त्यांचा वकील पुतण्या.

"मॅडम, इमारत घ्यायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?"

"जिल्हाधिकारी साहेबांनी."

"लेखी?"

सकाळी फोन आला होता: योग्य वाटेल ती इमारत बघा आणि घ्या. त्या दिवसांत सगळं असंच चालायचं. मी मोबाइलवर राज्य सरकारची करोनासाठीची 14 मार्चची अधिसूचना उघडून त्याच्यापुढे धरली. त्याने ती आधीच वाचलेली होती. "खासगी इमारत विलगीकरणासाठी घ्यायचा अधिकार यात जिल्हाधिकारी आणि आयुक्तांना आहे. तुमचं पद कुठाय?"

संताप आला. पण तो बरोबर होता, आणि हे मला तिथल्या तिथे कळलं म्हणूनच जास्त आला.

1897चा साथरोग कायदा तेव्हा इनमिन चार कलमांचा होता. राज्य सरकार स्वतः उपाय करील किंवा 'कोणत्याही व्यक्तीला' तसा अधिकार देईल, एवढा ऐसपैस. अधिसूचना राज्यपालांच्या नावाने निघते, सही सचिवांची असते, सभागृहात उत्तर आरोग्यमंत्र्यांना द्यावं लागतं. तिथून अधिकार जिल्ह्यापर्यंत लेखी आला होता. पुढे माझ्यापर्यंत फोनवर. आणि हाती आलेला अधिकार परवानगीशिवाय पुढे सोपवता येत नाही. उद्या कोणी आदेश मोडला, तर तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या कलम 188खाली कोर्टात लेखी तक्रार करावी लागायची ती ज्याचा आदेश त्याने किंवा त्याच्या वरिष्ठाने. माझ्याकडे आदेशच नव्हता, मग मोडणार काय? याच कायद्याच्या जोरावर प्लेगच्या वर्षी पुण्यात रँडची माणसं घराघरांत शिरली होती. फाटकाआडून कागद मागणारा माणूस मला एकदम परका वाटेना.

तरी इमारत निवडली होती ती मीच. प्रत्येक खोलीला स्वतंत्र संडास असलेली तालुक्यात ती एकच होती. संडास सामायिक असेल तर विलगीकरण नावापुरतं. निरोगी आलेला माणूस आजार घेऊन जायचा. हे मंत्रालयातून दिसत नाही, जिल्ह्याच्या गावातूनही नाही.

जिल्हाधिकारी कार्यालयात फोन केला. उत्तर आलं, "मसुदा तुम्हीच पाठवा." म्हणजे माझे अधिकार मीच लिहायचे! टेम्पोच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहिलं: 'आवश्यक ते सर्व अधिकार प्रदान करण्यात येत आहेत.' पुतण्याने गजांतून डोकावून वाचलं. "असं मोघम लिहू नका. कोणती इमारत, किती दिवस, काय करायचं ते लिहा. उद्या तुम्हालाच उपयोगी पडेल."

खोडलं, पुन्हा लिहिलं. इमारतीचं नाव, तीस दिवसांची मुदत, दाखल करण्याचा अधिकार. मग थांबले आणि 'मुक्त करण्याचा' हे शब्द घातले. नाहीतर कोणाला केव्हा घरी सोडायचं, यासाठी रोज एक फाइल जिल्ह्याला गेली असती. माझ्या दोन वैद्यकीय अधिकाऱ्यांची पदंही घातली. नाहीतर रात्री-अपरात्री मीच हवी.

टेम्पोवाला दोनदा निघून जायला निघाला. त्याला थोपवताना जेवढी विनवणी केली तेवढी मालकांनाही केली नव्हती.

सात वाजता आदेश आला. आधी फोटो, तासाभराने शिपायाबरोबर शिक्क्याची प्रत. पुतण्याने जावक क्रमांक पाहिला, माझं पद पाहिलं, आणि शेवटची ओळ मोठ्याने वाचली: "सदर कार्यवाहीची सर्वस्वी जबाबदारी आपली राहील."

"हे तुम्ही लिहिलं होतं?"

"नाही."

"वाटलंच," तो म्हणाला, आणि काकांकडून किल्ली घेतली.