किल्ल्याला पाणी घातलं का?

सीमाभागातल्या पोरांचं एक दुखणं कुणी कधी मनावर घेतलं नाही. आमच्या लहानपणी कोल्हापूरच्या मामेभावंडांना दिवाळीची ऐसपैस सुट्टी असायची, आणि आमच्या शाळा कर्नाटकातल्या, त्यामुळे आमची सुट्टी दसऱ्यातच संपलेली. दिवाळीला हातात जेमतेम चार दिवस. तेवढ्यात अभ्यंगस्नान होतं, फराळ होतो, किल्ला होत नाही. म्हणून बेळगावात आमचा किल्ला दसऱ्यालाच उभा राहायचा आणि परतीचा पाऊस त्याला हमखास गाठायचा. शत्रूपेक्षा आम्ही ढगांकडेच जास्त बघत असू.

किल्ला न्हाणीच्या भिंतीला टेकून असे. आत फुटक्या विटा, नारळाची सोडणं, एक बिनबुडाची घागर. त्यावर भिजवलेलं गोणपाट, त्यावर चिखल. गोणपाटासाठी आज्जीशी तह करावा लागे. ‘मसुराच्या पोत्याला हात लावलासा तर बघा!’ भात निघालं की जमिनीतल्या त्याच ओलीवर मसूर पेरायचा, त्याचं बियाणं त्या पोत्यात. वाटाघाटी होऊन उंदरांनी कुरतडलेलं एखादं पोतं पदरात पडे. दगड आणायला शेजारचा कन्नड दोस्त. ‘कल्लू तगोंड बा’ एवढं कन्नड आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही येत होतं.

नुसती तांबडी माती वाळली की भेगा पडतात. तिच्यात पिंजर, म्हणजे भाताचा पेंढा, बारीक तोडून, थोडं शेण घालून पायांनी तुडवावी लागे. ते काम धाकट्यांचं. मोठे नुसते हुकूम सोडत.

खरी करामत अळिवाची. अळीव भिजला की त्याच्याभोवती बुळबुळीत, चिकट थर येतो. त्यामुळे उभ्या कड्यावर थापला तरी तो तिथंच चिकटून बसतो आणि दोन-तीन दिवसांत हिरवा होतो. मोहरीला ते जमत नाही, ती घरंगळत पायथ्याला जाते. त्यामुळे आमच्या प्रत्येक गडाला कड्यावर जंगल आणि खाली शेती आपोआप व्हायची. बघणारे म्हणायचे, काय विचार करून केलाय! आम्ही मान डोलवायचो.

कारंज्यासाठी ओळखीच्या कंपाउंडरकडून सलाईनची वापरलेली नळी यायची (आता हे कुणी करू नये). डबा जितका उंच, तितकं कारंजं उंच. हे शाळेत शिकायच्या कितीतरी आधी आम्ही डबा पत्र्यावर चढवून ठेवला होता.

कोणता किल्ला करायचा यावर भांडणं ठरलेली. कुणाला प्रतापगड हवा, कुणाला पन्हाळा. पण तटाचा आकार आठवेना झाला की सगळे माडीवर चढून येळ्ळूरच्या गडाकडे, म्हणजे राजहंसगडाकडे बघायचे, आणि मग होणार तो तोच गड. 2023 च्या मार्चमध्ये त्या गडावर महाराजांच्या भव्य पुतळ्याचं अनावरण झालं. आमच्या राजहंसगडावर महाराज त्याच्या फार आधीपासून होते, आणि महादरवाज्यापेक्षा उंच होते.

तुळशीचं लग्न झालं की किल्ल्याची माती परसात जायची आणि पडवीत आज्जीची वाकळ पसरायची. तिथंही न्याय तोच, चांगलं लुगडं मागायचं नाही. जुनेराचे थर नीट लावून कडेपासून आत धावदोरा घालत यायचं. थर सरकू नयेत म्हणून कोपऱ्यांवर पाट, वरवंटा आणि रिकामटेकडी नातवंडं. वाकळ कधी पुरी होणार, हे आज्जीला विचारायची सोय नव्हती. थंडी संपायच्या आत, एवढंच.

आता बाजारात रंगवलेले तयार किल्ले मिळतात. सुबक असतात, मला त्यांचा राग नाही. फक्त ते आणल्या दिवशीच पुरे झालेले असतात. आमच्याकडे रोज सकाळी एक बुरूज ढासळलेला असे आणि चहाच्या आधी घरातलं कुणीतरी विचारी, ‘किल्ल्याला पाणी घातलं का?’ पोराला दिवसभर गुंतवायला एवढं एक वाक्य पुरत होतं.

यंदा भाच्याने हट्टाने मातीचाच किल्ला केला आणि कारंजं मागितलं. नवी कोरी नळी घ्यायला मी औषधाच्या दुकानात गेले. काउंटरवरच्या पोराने सवयीने विचारलं, ‘पेशंट कुठं ॲडमिट आहे?’

म्हटलं, ‘राजहंसगडावर.’

त्याने एक क्षण माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, ‘मग लांब नळी न्या. डबा वर ठेवायला बरं.’