नवं गाणं, जुना आवाज

धरमपेठेच्या टपरीवर एका पोराच्या मोबाइलवर ब्लड सेरेमनी वाजत होतं. शेजारचा म्हणाला, "हे तं बाबाच्या टाइमचं दिसते बे!"

बँड टोरांटोचा, पहिला अल्बम २००८ चा. पण तो माणूस कानाचा पक्का. जडशीळ गिटार रिफवर (पुन्हापुन्हा येणाऱ्या सुरांच्या तुकड्यावर) ऑर्गन आणि आलिया ओब्रायनची बासरी आली, की कुणालाही १९७० च आठवणार.

याला ऑकल्ट रॉक म्हणतात, आणि हा जुना आवाज मुद्दाम घडवलेला असतो. व्हॉल्व्हवाले (काचेच्या नळ्यांचे) अँप, गिटार खरखरीत करणारं फझ पेडल, हॅमंड ऑर्गन. ड्रम कोरडे, आजच्या मेटलसारखे फुगवलेले नाहीत. जादूटोणा आणि सैतान शब्दांत. त्याची मुळं कोवेन या बँडच्या १९६९ च्या पहिल्या अल्बमात आणि ब्लॅक सॅबथ या बँडच्या १९७० च्या पहिल्या अल्बमात.

सुरुवात ब्लड सेरेमनीच्या 'द एल्ड्रिच डार्क' (२०१३) पासून करा. मग अंकल ॲसिड अँड द डेडबीट्सचं 'ब्लड लस्ट' (२०११): किरट्या, दुहेरी आवाजातलं गाणं आणि खरखरीत गिटार. गोड चाली हव्या असतील तर घोस्टचा २०१० चा पहिला अल्बम. पुढचं घोस्ट बरंच चकाचक झालं, मला तेवढं रुचत नाही. नेदरलँड्सचा द डेव्हिल्स ब्लड मात्र रात्री निवांत ऐकायचा, त्यातल्या लांबलचक गिटारी घाईत कळत नाहीत.

आणि हो, बास बूस्ट बंद करा. फझमध्ये खालचे सूर आधीच दाटलेले असतात. ते आणखी वाढवले की बास न् गिटारचा चिखल होतो आणि बासरी बुडते. इक्वलायझर सपाट, हेडफोन साधा चालेल.

यात भारतातला कोणता बँड घालाल?